वासुदेवरावांनी घेतलेला चार्ज

कराडच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले वासुदेवराव लेकीकडे म्युनिकला आले, आणि आठवड्याभरात घरातल्या सगळ्यांना त्यांच्या परतीच्या विमानाची वेळ पाठ झाली. लेक ऊर्मिला दिवसभर ऑफिसात. नात निधीला मराठीत काही विचारलं की ती जर्मनमधून उत्तर देई. तेही बहुधा 'या, या', म्हणजे 'हो, हो', एवढंच. म्हणून दुपारी ते संग्रहालयात जाऊन बसत. तिथं ऊब होती आणि बाक होता.

बाकासमोर र्‍युक्यूचं दालन. जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवरचं हे जुनं राज्य. दरबारात अधिकाऱ्याचा दर्जा टोपीच्या रंगावरून कळे. जपाननं ते खालसा केलं, राजाला टोकियोला नेलं.

"आणि स्टाफचं काय झालं?" हा प्रश्न वासुदेवरावांनाच पडावा.

स्टाफ समोरच होता. काचेच्या कपाटाशेजारी पिवळ्या टोपीतला एक म्हातारा. पहिल्या दिवशी त्यांना तो पुतळा वाटला. दुसऱ्या दिवशी तो पाऊलभर पुढं सरकला होता.

"चार्ज घ्यायला कुणी आलेलं नाही त्याच्याकडं," जेवताना ते म्हणाले. "उभं राहण्यावरून कळतं. दीडशे वर्षं होत आली बघ, वरून साधी चौकशी नाही."

"बाबा, बीपीची गोळी घेतलीत ना?" ऊर्मिला म्हणाली.

निघायच्या दिवशी, बॅगा भरून झाल्यावर, ते त्याचा निरोप घ्यायला गेले. आपण घरी चाललो आणि हा इथंच, हे त्यांना बघवेना. कोटाचं बटण लावून त्यांनी ओंजळ पुढं केली.

"द्या साहेब. मी घेतो."

म्हाताऱ्यानं आपली रिकामी ओंजळ त्यांच्या ओंजळीत उलटी केली. त्यांचे हात कोपरापर्यंत गार पडले. मग म्हातारा उभा होता तो कोपरा मोकळा दिसला.

ऊर्मिला शोधत आली तेव्हा ते त्याच कोपऱ्यात उभे होते.

"बाबा, चला. टॅक्सी थांबलीय."

"पाय उचलत नाहीत गं. चार्ज घेऊन बसलो. आता कुणी माझ्याकडून घेतल्याशिवाय सुटका नाही."

ती रागवणार होती, पण तिची नजर काचेकडं गेली. काचेत ती एकटीच होती.

तिनं लॅपटॉपची बॅग खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले. "द्या इकडं. काय असेल ते."

वासुदेवरावांनी तिच्या त्या तळव्यांकडं बराच वेळ पाहिलं. मग स्वतःचे हात पाठीमागं घेतले.

"निधीची शाळा सुटेल," ते म्हणाले. "तू नीघ."