चंद्रपूरचा गुरुवार

वडशाच्या स्टेशनात छोट्या लाईनची गाडी उभी होती आणि बाबा खिडकीचा गज धरून तेच तेच सांगत होते, "करमलं नाई तं परत ये. कोणी हासणार नाई." माझ्या नवऱ्याला, दयारामला, चंद्रपूरच्या खाणीत ठेकेदाराकडे काम मिळालं होतं. तुम्ही सगळे माहेरचे फलाटावर रडत होता. मला मात्र, खरं सांगते, आनंद मावत नव्हता. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं, मी मॅट्रिक झाले होते आणि मला शहर पाहायचं होतं.

शहर पाहिलं ते एका भोजनालयाच्या मागच्या दारातून. तिथे आम्ही तिघी बाया सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत पोळ्या लाटायचो. जेवायचं उभ्यानं, नजर तव्यावर. सुटी म्हणून नाहीच. गिऱ्हाइकांची टीप गल्ल्यावरच्या डब्यात जायची आणि शेठ ती फक्त वेटरांत वाटायचा, तीही फुटलेल्या कपांचं कापून.

तीन वर्षांनी एका पेपरात वाचलं की हॉटेलातल्या माणसांनाही मधली सुटी आणि आठवड्याची सुटी कायद्यानं आहे. बाबा नेहमी म्हणायचे, "तोंडी मागू नोको, लिहून माग." मी कामगार कार्यालयाला अर्ज लिहिला. सुटी, रजिस्टरात नाव, टीपेत वाटा. एकीनं सही केली, दुसरीनं अंगठा दिला.

मोठे वेटर मारोतीभाऊ चिडले. "टीप आमच्या हातची हाय, बाई. तुमाले कोण देते?"

"पोळी थंडी आली तं तुमाले तरी कोण देते, भाऊ?"

ते थाळ्या उचलून बाहेर गेले. पुढे शेठनं त्यांनाच आपला साक्षीदार केलं, तेव्हा आम्ही आशा सोडली.

सुनावणीला शेठ म्हणाला, "साहेब, ह्या कामगार नाहीत. घरच्यासारख्या येतात. रजिस्टरात नाव दाखवा." नाव नव्हतंच. साहेबांनी मारोतीभाऊंना विचारलं.

भाऊ उठले. "तीन वर्सं झाले, साहेब, या बाईच्या हातच्या पोळ्या मी टेबलावर नेऊन राह्यलो. घरचं माणूस बसून जेवते. या बायायले बसलेलं मी एकही दिवस पाह्यलं नाई."

साहेबांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

सुनावणीच्या तिसऱ्या तारखेला लेखी समझोता झाला. आमची नावं रजिस्टरात चढली. दुपारी एक तास सुटी, गुरुवारी पूर्ण सुटी, डबा सगळ्यांसमोर उघडायचा आणि स्वयंपाकघरालाही वाटा द्यायचा. कोणाला काढायचं नाही, हेही मी लिहून घेतलं, कारण भाऊंची नोकरी जाईल अशी भीती होती. मागच्या वर्षांचं काही मिळालं नाही. तरी कार्यालयाबाहेर आम्ही तिघी वेड्यासारख्या हसत सुटलो, आणि मारोतीभाऊ आम्हाला समोरच्या हॉटेलात घेऊन गेले. खुर्चीवर बसून, दुसऱ्यानं आणून दिलेला चहा मी चंद्रपुरात पहिल्यांदा प्याले.

तुमच्यातले जे नागपूर-भिलाईला गेले, त्यांना हे कळेल. इतकी वर्षं 'घरी' म्हटलं की मला वडसाच दिसायचं. चंद्रपुरातली आमची बाबूपेठेतली खोली ही नुसती खोली होती. त्या संध्याकाळी मी बाबांना कार्ड लिहिलं: 'गुरुवारी या. गुरुवारी मी घरी असते.' कार्ड पेटीत पडल्यावर माझ्या लक्षात आलं, मी काय लिहून बसले ते. मग मी भरभर चालायला लागले. दयारामला सांगायचं होतं.