हेमराजची माय आली होती

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, मंडळीतल्या वडीलजनांना नाही. आणि प्रार्थनेत? प्रार्थनेतसुद्धा मी या गोष्टीच्या आजूबाजूनंच फिरत राहिलो. 'प्रभू, माझ्या सगळ्या चुका माफ कर' असं एकदम घाऊक म्हणून टाकायचं, म्हणजे एकेका चुकीचं नाव घ्यावं लागत नाही. तुम्ही केलंय कधी असं? मी वर्षानुवर्षं केलंय.

अर्जुनी मोरगावच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये, आमची शिष्यशाळा आहे. शाळा म्हणजे तशी शाळा नव्हे — अठरा-वीस वर्षांची, थोडी मोठी अशी मुलंमुली इथे येतात, पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत आमच्यासोबत राहतात. सकाळी बायबलचा अभ्यास, दुपारी शेतात नाहीतर सरकारी दवाखान्यात सेवा, संध्याकाळी भजन. येशूच्या मागे चालायचं म्हणजे रोजच्या जगण्यात काय करायचं, ते शिकायचं. आज तिथे पक्क्या खोल्या आहेत, सभागृह आहे, मुलींसाठी वेगळी इमारत आहे. ही शाळा मी सुरू केली. लोक मला त्यासाठी मान देतात. बाहेरच्या मंडळ्यांत बोलावतात, शाल देतात, आणि म्हणतात — पास्टर, ते सुरुवातीचं सांगा ना.

आणि मी सांगतो. किती छान सांगतो! आवाज कुठे उतरवायचा, कुठे थांबायचं, सगळं मला ठाऊक झालंय. भाड्याचं, कवेलूचं म्हणजे कौलारू घर होतं, चार-पाच पोरं होती, पावसात चूल पेटायची नाही. त्यातला एक हेमराज. शेतकऱ्याचा मुलगा, हिंदू घरातला, आपल्या मनानं आलेला. त्याचा बाप वारला आणि घरच्यांनी त्याला कळवलंसुद्धा नाही. तरी तो मागे फिरला नाही. त्याच्या त्या अश्रूंवर ही शाळा उभी आहे — असं मी म्हणतो. म्हणत आलो. समोरची मुलं रडतात.

यातलं भाड्याचं घर खरं आहे. चूल पेटायची नाही, तेही खरं.

थोडं माझ्याबद्दल सांगू दे. मी गोंदियाचा. बाप रेल्वेत, घर पिढीजात ख्रिस्ती, कॉलनीत बोलणं सगळं हिंदी. खेड्यातलं मला काही येत नव्हतं. धान आणि गवत यातला फरक मला हेमराजनंच शिकवला. तो आमच्याकडे आला कसा? एका उन्हाळ्यात मी बाजाराच्या गावी गाणी घेऊन जायचो. हा मागे उभा राहून ऐकायचा. मग ढोलक मागून घेतली, मग प्रश्न विचारायला लागला. असले प्रश्न मला कुणी विचारले नव्हते. 'भाऊ, शत्रूवर प्रेम करा म्हनते, तं मंग वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून भांडण करणाऱ्या काकाचं काय करू?' पुढे शाळेचा विचार माझ्या डोक्यात आला तो त्याच्या प्रश्नांमुळेच. एका रविवारच्या उपदेशानं याचं भागणार नाही, याच्यासोबत राहावं लागेल, हे मला कळलं. म्हणजे बघा — शाळा त्याच्यासाठी सुरू झाली.

घरच्यांना आवडलं नव्हतं. पण त्यांनी त्याला मारलं नाही, हाकललं नाही. बाप एवढंच म्हणाला होता की शिकून घे, पण धान कापायला ये. हेही मी कधी सांगत नाही. गोष्टीत ते बसत नाही.

त्या पहिल्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, शाळा बंद पडायच्या बेतात होती. दोन पोरं सणाला घरी गेली ती परत आलीच नाहीत. एकाचं लग्न ठरवून टाकलं, दुसऱ्यानं निरोप पाठवला की जमत नाही. आणि त्याच आठवड्यात नागपूरहून मंडळीचे वडीलजन येणार होते. हे काम पुढे चालवायचं की नाही, ते बघायला. मी रात्रंदिवस एकच विचार करत होतो — त्यांना दाखवणार काय? दाखवण्यासारखा माझ्याजवळ एकच होता. हेमराज.

हे मी कारण म्हणून सांगत नाही. तसं वाटलं तर माझं सांगणं चुकतंय.

वडीलजन यायच्या दोन दिवस आधीची सकाळ. बायको बाजाराला गेली होती. पोरं घरामागच्या बांधीत होती. घरमालकाचं धान कापून झालं होतं, भारे बांधून खळ्यावर न्यायचं काम चाललं होतं. मी ओसरीवर बसून वडीलजनांसमोर काय बोलायचं त्याची तयारी करत होतो. आणि फाटकातून एक बाई आली. काष्ट्याचं लुगडं, डोक्यावर पदर, पायांना चिखल — बसनं उतरून बांधाबांधानं चालत आलेली. हातात पितळी डबा. मी तिला आधी एकदाच पाहिलं होतं. हेमराजची माय.

बस म्हटलं तर बसली नाही.

'त्याच्या बापाचं काही खरं नाही, भाऊ,' ती म्हणाली. 'दोन दिस झाले, पाणीबी घेत नाही. पोराचंच नाव घेऊन राहिला. त्याले पाठवा माह्यासंगं. मंग वापस पाठवून देऊ आमी, माही जबान.'

तेव्हा मागच्या बांधीतून हेमराजचा आवाज येत होता. भारा उचलताना तो गायचा — मोठ्यानं, बेसूर. तिला तो ऐकू आला नसेल का? मला आजही वाटतं, आला असेल. तिनं मान थोडी त्या बाजूला केली होती.

मी म्हणालो, बसा, विचारून येतो.

आणि मी आत गेलो. स्वयंपाकघरापर्यंत. मागच्या दारापर्यंत गेलो, दाराला हात लावला. तिथून तो दिसत होता, डोक्यावर भारा घेऊन चाललेला, कमरेला गमछा. एक हाक पुरली असती. मी तिथे उभा राहिलो. किती वेळ? विचारून यायला जेवढा लागला असता तेवढा. हे मी मोजून केलं — तिला खरं वाटावं म्हणून. मग बाहेर आलो आणि म्हणालो,

'तो नाही म्हणतो, आई. त्याला यायचं नाही.'

तिनं माझ्याकडे पाहिलं. 'सोताच म्हनलं का त्यानं?'

'हो.'

'बाप मरून राहिला हे सांगतलं तुमी?'

'सांगितलं.'

ती रडली नाही, भांडली नाही. फाटकाकडे वळली, मग परत आली, डबा ओसरीच्या कडेला ठेवला. 'लाखोरीच्या डाळीचे वडे आहेत. त्याले द्या,' म्हणाली, आणि गेली. मी तिला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

वडे मी संध्याकाळी सगळ्यांच्या ताटात वाढले. हेमराज खाता खाता म्हणाला, 'आमच्या घरी असेच रायतेत, भाऊ.' मंडळीतल्या एका बाईनं दिले, मी सांगितलं. डबा दुसऱ्या दिवशी मी तलावावर जाऊन पाण्यात सोडून दिला. एका बाईचा पितळी डबा. मी — सुवार्ता सांगणारा माणूस.

बाप त्याच दिवसांत गेला. हेमराजला ते बाजारात कळलं, चुलतभावाकडून. तो याच्याशी धड बोललाच नाही. 'बाप मेला, आता कायले इचारतं?' म्हणाला आणि सायकलवर बसून निघून गेला. हेमराज तसाच गावी धावला. मोठा भाऊ दारात उभा होता, बापासाठी डोकं भादरलेलं. 'आता कायले आला? जा.' एवढंच. माय बाहेर आली नाही. तो परत आला आणि माझ्या पायाशी बसला. लहान मुलासारखा रडला.

'भाऊ, मले सांगाले कोनी काऊन नाही आलं?'

तेव्हा वेळ होती. अजून वेळ होती — तेरवी व्हायची होती, रागसुद्धा ताजा होता, खरं कळतं तर तो त्याच पावली गेला असता आणि मायनं त्याला जवळ घेतलं असतं. मला मारलं असतं तरी चाललं असतं. मी काय केलं? त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो की तू ख्रिस्ताचा झालास, म्हणून त्यांना तू नको असशील. मग त्याच्यासाठी मोठ्यानं प्रार्थना केली. सांत्वनाची.

मला खरं बोलायला हवं, म्हणून हेही सांगतो. त्या क्षणी मला दुःख झालं नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं. आणि त्याच्याही खाली, थोडा आनंद. आता हा माझा. याला आता माझ्याशिवाय कोणी नाही.

वडीलजन त्या गोंधळात लांबले, नंतर आले. हेमराज त्यांच्यासमोर उभा राहिला आणि त्यानं साक्ष दिली — माझ्या बापाचं मरण मला कुणी सांगितलं नाही, आता हेच माझं घर. म्हातारे म्हातारे लोक डोळे पुसत होते. शाळा वाचली. पुढे जागा मिळाली, खोल्या झाल्या.

मग मी नियम केला की शिकण्याच्या काळात कुणी घरी जायचं नाही. लोकांना वाटतं तो नियम उपासप्रार्थनेतून आला. तो या भीतीतून आला की कोणी घरी जाईल, घरचे काही बोलतील, कुठून तरी एक धागा सुटेल. त्या नियमापायी एक मुलगी सख्ख्या बहिणीच्या लग्नाला गेली नाही. दुसऱ्या एकानं आजीला शेवटचं पाहिलं नाही. दोघांनी मला अभिमानानं सांगितलं — हेमराजभाऊंसारखं केलं, पास्टर. मी त्यांची पाठ थोपटली.

हेमराज इथेच राहिला. लग्न झालं, मुलं झाली, आता शाळा तोच चालवतो, मी नावापुरता. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला त्यानं दवाखान्यात माझी शौचाची भांडी उचलली. आपल्या गावाला तो गेला नाही. मायला एकदोनदा माणसाकरवी साडी पाठवली, ती तशीच परत आली. त्याला वाटायचं, धर्मामुळे. तिला काय वाटत असेल — तो विचार मी येऊ दिला नाही. मरणाऱ्या बापाला तोंड न दाखवणाऱ्या मुलाची साडी कोणती आई नेसेल?

या उन्हाळ्यात ती वारली. या वेळी पुतण्यानं फोन केला, आणि हेमराज गेला. आठ-दहा दिवस आलाच नाही. आला तेव्हा डोकं भादरलेलं होतं. शिष्यशाळेच्या प्रमुखाचं! मुलं कुजबुजायला लागली. आयुष्यभर मी या असल्या विधींविरुद्ध बोललो, पण त्याच्याकडे बघून मला तोंड उघडता आलं नाही. त्यानं त्याच सकाळी सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं, आजपासून ज्याला घरी जायचं असेल त्यानं जावं, बस तिकीट शाळा देईल. नियम संपला. मला विचारलं नाही.

दुपारी तो माझ्या खोलीत आला. खुर्ची असून खाली बसला, पूर्वीसारखा. बराच वेळ टाळूवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला,

'मोठ्या भावानं सांगतलं, भाऊ. म्हणे, बाप गेला तवा माय मले न्याले आली होती, अन् मीच नाही म्हणलो. मी म्हणलं, असं होऊच नाही शकत. माय आली होती का, भाऊ?'

मी पासष्टी ओलांडलेला माणूस. मला कशाची भीती होती? तो मला मारणार नव्हता. घराबाहेर काढणार नव्हता. त्यानं दार उघडून धरलं होतं, मला फक्त आत जायचं होतं.

मी म्हणालो, 'आता आठवत नाही रे. फार वर्षं झाली.'

त्यानं माझ्याकडे पाहिलं. 'बरं,' म्हणाला. उठला, माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवला आणि गेला. तेव्हापासून तो मला पास्टर म्हणतो. भाऊ म्हणत नाही.

म्हणून त्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे देतो.

हो, हेमराज. आली होती. तू नाही म्हणाला नव्हतास. तुला मी विचारलंच नव्हतं.