शेजारच्या फ्लॅटची किल्ली

डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या वरच्या मजल्यावर समोरासमोर दोनच फ्लॅट होते आणि दोन्हींना पोटमाळा होता. बिल्डरने छप्पर उंच घेतलं, मधे फळ्या टाकल्या, शिडी लावली आणि म्हणाला, ही एक खोली समजा. आम्ही समजलो. वर ताठ उभं राहता येत नसे. पण गाद्या, ट्रंका आणि परीक्षेच्या दिवसांत माझा भाचा एवढं मावायचं.

नव्वदीच्या सुरुवातीला हे दोन्ही फ्लॅट एकदमच विकायला निघाले. शेजारी टिटवाळ्याला भावाच्या बाजूला घर बांधत होते, त्यांना घाई नव्हती. आम्हाला होती. बायकोची नोकरी ठाण्याच्या कोर्टात, तिला दिवस गेलेले, आणि कोर्टाजवळच्या एका फ्लॅटला मी इसार देऊन बसलेलो. दिवाळीपर्यंत बाकीचे पैसे दिले नाहीत, तर इसारही जाणार आणि घरही.

दोघांनी एकच भाव सांगू, असं शेजाऱ्यांनी सुचवलं. मी मान डोलावली आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली. जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराला कान लावायचो: आपल्याकडे वळतंय की त्यांच्याकडे? त्यांची बेल वाजली की माझा चहा कडू व्हायचा. त्यांची बाल्कनी मोठी, पण आमचा ओटा ग्रॅनाइटचा. त्यांच्या पोटमाळ्यावर वारा येतो, पण आमच्या शिडीला कठडा आहे. ही वजाबाकी जेवतानाही चालू असे.

"अहो, भात खा," बायको म्हणायची. "ओटा कुठे पळून जात नाही."

आमच्याकडे त्यांची किल्ली आणि त्यांच्याकडे आमची, अशी जुनी पद्धत. ते दोघंही नोकरीवर, मी रजेवर. म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक आलं की घर मीच दाखवायचं.

एका दुपारी कळव्याचं एक जोडपं आलं. मी कुलूप काढलं, फिरवलं, ठरलेला भाव सांगितला. महाग आहे, म्हणून नवरा कुरकुरायला लागला. निघताना बाईंनी सहज विचारलं, समोरचाही विकायचाय ना, तो केवढ्याला?

तेवढाच, म्हणालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माझ्या डोक्यात आलं, भाव सारखा सांगितला तर माल सारखा वाटणार.

"त्याला वीस हजार जास्त," मी म्हणालो. "तो फ्लॅटच वेगळा आहे."

मग त्यांना आमच्याकडे नेलं. ओट्यावर हात फिरवायला लावला, कठडा धरून वर चढवलं. नवऱ्याने पोटमाळ्याच्या फळीवर टिचक्या मारल्या. बाई दोन दारांच्या मधे उभ्या राहिल्या, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"सारखेच तर आहेत हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पहिला घेतला तर वीस हजार वाचतात."

घटकाभरापूर्वी कुरकुरणारा तो माणूस खुलला. शेजाऱ्यांसाठी फोन नंबर लिहून ठेवायला त्याने पेन मागितलं. तेही मीच दिलं.

दोन दिवसांनी शेजारी पेढे घेऊन आले. अजिबात घासाघीस न करता भाव मिळाला म्हणाले, तुमच्यासारखा शेजारी मिळणार नाही. बायकोने पेढा हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मला सगळं सांगावं लागलं. ती रागावली नाही, हे जास्त वाईट होतं.

"यापुढे घर मी दाखवणार, संध्याकाळी," ती म्हणाली. "कोणी आलं की तुम्ही भाजी आणायला जायचं."

मी गेलो. त्या नवरात्रात आमच्याकडे इतका दुधी आला की उपासालाही दुधी आणि उपास सोडतानाही दुधीच. प्रत्येक फेरीत पिशवी भरायची आणि आमचा भाव उतरायचा, कारण समोरचा केवढ्याला गेला हे आता सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. शेवटी त्यांच्यापेक्षाही कमीत, दिवाळी तोंडावर आलेली असताना, आमचा फ्लॅट गेला. जी तूट राहिली, ती बायकोच्या पाटल्यांनी भरून काढली.

ठाण्याच्या घराला पोटमाळा नव्हता. ट्रंका पलंगाखाली सारत होतो, तेवढ्यात समोरचे गृहस्थ चहाचा थर्मास घेऊन ओळख करून घ्यायला आले. भले माणूस. दोन घोट झाले, आणि माझी जीभ वळवळली.

"तुम्हाला हा फ्लॅट केवढ्याला..."

हिरव्या काचेच्या बांगड्या तेवढ्या किणकिणल्या. बायकोने माझ्यासमोर पिशवी धरली होती.

"कोथिंबीर नाहीये घरात," ती म्हणाली.