डाव्या डोळ्याचा संप आणि पाचव्या दिवसाचं गाऱ्हाणं

तमाम भाऊबंद, सोयरे, शेजारी आणि इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरील सर्व सुज्ञ सभासदांस जड अंतःकरणाने कळवण्यात येतं की, गणेश चतुर्थी तोंडावर आलेली असताना, सकाळी चहाच्या वेळी, अस्मादिकांच्या डाव्या डोळ्याने कोणतीही पूर्वसूचना न देता काम बंद केलं. वडील परळच्या गिरणीत होते, त्यामुळे संप आमच्या घराला नवा नाही. पण एखादा अवयव परस्पर संपावर जातो, हे घराण्यात प्रथमच घडत होतं.

झालं असं, की नाहूरच्या आमच्या घरात मी उठून स्वयंपाकघराकडे पाहिलं, तर ओट्याशी दोन बायका उभ्या. दोघीही माझ्याच. दोघींच्या हातात गाळणी आणि दोघींच्या चेहऱ्यावर तीच नापसंती. काही पुरुषांना हे दृश्य सुखाचं वाटेल, पण त्यांनी माझी बायको पाहिलेली नाही. मी एक डोळा झाकला, तर एक गेली. तो उघडून दुसरा झाकला, तरी एकच राहिली. दोन्ही उघडले की पुन्हा जोडी. मी हा प्रयोग करत असताना बायकोने विचारलं, की सकाळी सकाळी डोळे कुणाला मारताय.

तिने मला मुलुंडच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची. तिने माझ्या नाकासमोर बोट धरून डावीकडे नेलं. उजवा डोळा इमानाने मागोमाग गेला. डावा मात्र मधोमध आला आणि एल. बी. एस. रोडवर अडकलेल्या रिक्षासारखा तिथेच थांबला. तिने समजावून सांगितलं, की डोळा बाहेरच्या बाजूला ओढणारा एक स्नायू असतो, त्याला मेंदूच्या बुडातून निघणारी एक बारीक नस हुकूम देते, आणि तो हुकूम सध्या पोचत नाहीये. डोळे एका रेषेत नसले की एकाची दोन दिसतात. नस का रुसली त्याची कारणं बरीच असतात. काही साधी, काही मेंदूतली.

मेंदू हा शब्द ऐकताच माझ्यातला नट जागा झाला. मी आवाज खोल नेऊन म्हणालो, "डॉक्टर, माझ्याकडे किती वेळ आहे?"

ती म्हणाली, "काका, शुगर शेवटची कधी तपासलीत?"

तरीही एमआरआय झाला. त्या नळकांड्यात पडल्या पडल्या, कानाशी हातोडे बडवले जात असताना, मी माझी शोकसभा बसवली. वक्ते ठरवले, त्यांचा क्रम लावला. बोरिवलीच्या चुलतभावाला सर्वांत शेवटी आणि कमीत कमी वेळ दिला. तो भाषणात रडणार होता, पण कुणाला खरं वाटणार नव्हतं. रिपोर्ट आला, तर मेंदूत काहीच सापडलं नव्हतं. बायको म्हणाली की हे तिला लग्नापासून माहीत आहे. साखरेने त्या नसेला रक्त पोचवणारी केसाएवढी वाहिनी बंद केली होती, एवढीच भानगड. काही महिन्यांत बहुतेक आपोआप सुटेल, तोवर पथ्य पाळा आणि एका डोळ्यावर पट्टी लावा, म्हणाली डॉक्टर. जीव वाचल्याचा आनंद झालाच. पण चारचौघांत सांगायला आजार कसा भारदस्त हवा. मला निघाले जिलबीचे परिणाम.

पथ्य मी मान्य केलं. पट्टी नाही. कारण गाऱ्हाणं.

आमच्या मालवणी घरांत विसर्जनाआधी घरातला एक पुरुष गणपतीसमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालतो आणि मागे उभे असलेले प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. वडील गेल्यापासून आमच्याकडे हा मान माझा. नियम एकच: गाऱ्हाणं मध्ये अडलं, की पुढच्या वर्षी तोंड बदलायचं. बोरिवलीचा चुलतभाऊ केव्हापासून टपलेला. यूट्यूबवर बघून पाठ करतो, असं त्याच्याच बायकोने सांगितलेलं. डोळ्यावर पट्टी दिसली असती, तर त्याने प्रेमाने माझ्या पाठीवर हात ठेवून म्हटलं असतं, दादा, यंदा तू आराम कर. म्हणून बायकोला शपथ घालून मी आजार लपवला.

त्यातच मला एक युक्ती सापडली. तोंड डावीकडे वळवलं आणि डोळे उजव्या कोपऱ्यात नेले, की दोनाचं एक होतं. मग मी तसाच वावरू लागलो. सोसायटीचा सेक्रेटरी माझ्याशी बोलायचा आणि मी तोंड फिरवायचो. त्याने बायकोजवळ तक्रार केली, की यांना कसला एवढा माज आलाय. बायको म्हणाली, मी आहेर न मिळालेल्या जावयासारखा दिसतो.

पाचव्या दिवशी संध्याकाळी सगळे जमले. मी पुढे झालो. समोर दोन गणपती, दोन समया, दोन उंदीर. खरा कुठला ते ठरेना. मी मान डावीकडे वळवली, देव एक झाले, आणि मी खड्या आवाजात सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा..." काय आवाज लागला होता. काकीचे गुडघे मागितले, भाचीची नोकरी मागितली, उदारपणे चुलतभावाच्या पोराचा व्हिसासुद्धा मागितला. मागून येणारं "व्हय म्हाराजा" हळूहळू पातळ होत गेलं. काही खांदे हलत असावेत असं जाणवलं. मला वाटलं, लोक गहिवरले.

मग "व्हय" आलंच नाही. मी अडलो. मागे वळून पाहिलं, तर माझं नाक इतका वेळ जिकडे रोखलेलं होतं, तिकडे सगळे बघत होते. तिथे आमचा फ्रिज होता आणि त्याच्यावर एक दुधी भोपळा.

चुलतभाऊ घसा खाकरून पुढे सरकला. तेवढ्यात बायकोने शपथ मोडली. पुढे येऊन तिने माझी हनुवटी धरून तोंड देवाकडे सरळ केलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं, की यांच्या डोळ्याची नस दुखावलीय, यांना दोन दोन दिसतात, आणि हे कळलं तर तुम्ही गाऱ्हाणं काढून घ्याल म्हणून हे लपवत होते.

चुलतभावासकट सगळे काकीकडे बघू लागले. गावाहून खास आलेली, घरातली सर्वांत वडील. गाऱ्हाण्याच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. मी मान खाली घातली. काकीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली:

"मेल्या, दोन दोन गणपती दिसत हुते तर खंयच्याय एकाक सांगूचा, फ्रिजाक कित्याक गाऱ्हाणा घातलंस? झाक तो डोळो आणि पयल्यापासून सुरू कर."