साडभाऊ ढगाला विचारतात

आमच्या साडभाऊंनी आयुष्यात आजवर एकही गोष्ट बदललेली नाही, आणि ती बदललेली नाही ना, हे ते रोज सकाळी न चुकता तपासून पाहतात. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. पवनीला त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टच्या फोटोपासून लग्नाच्या शूटिंगपर्यंत सगळी कामे तिथे होतात आणि ती सगळी माझी मेहुणी करते किंवा करवून घेते. साडभाऊ त्यांची चौकशी करतात. चौकशी करणे आणि काम करणे यांत काही फरक असतो, हे त्यांना कोणी कधी सांगितले नसावे, किंवा सांगितले असेल तर त्यांनी त्याचीही नुसती नोंद घेतली असेल.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे त्यांच्या बैठकीत घामाने निथळत बसलो होतो. समोरचा कुलर नुसती गरम हवा अंगावर फेकत होता. मी म्हटले, साडभाऊ, जरा कुलरचे बघा ना. साडभाऊ तत्परतेने उठले, खिडकीपाशी गेले, मागची जाळी काढून आत डोकावले, हात घालून खात्री केली, जाळी पुन्हा नीट बसवली आणि "टाकीत पाणी नाही" असे सांगून परत खुर्चीत येऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर इतके समाधान होते की बादली कुठे आहे हे विचारायचा मला धीर झाला नाही. लग्नकार्यातही तेच. पंगती बसायच्या आत साडभाऊ आचाऱ्याकडे दहा चकरा मारतात. भात कितपत शिजला, वांग्याच्या भाजीत मीठ पडले का, बुंदी कोणत्या गंजात आहे, हे त्यांना मुलीच्या बापापेक्षा जास्त ठाऊक असते. वाढायला मात्र त्यांना अजून कोणी पाहिलेले नाही.

अशा माणसाच्या हाती क्लाउड आला आणि त्याला त्याच्या जन्माचे काम सापडले. झाले असे की काही वर्षांपूर्वी स्टुडिओतली एक डिस्क बंद पडली आणि तिच्यात एका लग्नाची सगळी वरात गेली. नवऱ्यामुलाच्या काकांनी दुकानापुढे उभे राहून जे काही ऐकवले, त्यानंतर मेहुणीने सगळ्या शूटिंगचा बॅकअप क्लाउडवर ठेवायचे ठरवले. या ढगातही आपल्या धानासारखेच असते. रोज लागणारा तांदूळ डब्यात हाताशी, वर्षाचे धान ढोलीत. हाताशी असलेला कप्पा महाग. ढोलीचा, म्हणजे थंड कप्पा स्वस्त, पण तिथून एखादी वस्तू वर यायला कितीतरी तास लागतात. मेहुणीने आणि बसवून द्यायला आलेल्या माणसाने मिळून नियम ठरवला, की लग्नाला तीन महिने झाले की व्हिडिओ थंड कप्प्यात जाईल. तीन महिन्यांनंतर आपल्या लग्नाचा व्हिडिओ कोणी पाहत नाही, हे मेहुणीचे निरीक्षण. पुढे कधी कोणी मागायला आलाच, तर तो एकतर वकिलाने पाठवलेला असतो, नाहीतर त्याला आहेरात फ्रिज कोणी दिला होता हे नातेवाइकांना दाखवून द्यायचे असते. अशा माणसाने एक दिवस थांबायला हरकत नाही, असे तिचे म्हणणे.

तेव्हापासून साडभाऊंचा नेम सुरू झाला. सकाळी आंघोळ, चहा, की लगेच संगणकावर कमांड लिहायची ती काळी खिडकी उघडायची. माऊसला ते शिवत नाहीत. "माऊसचा काय भरोसा? चुकून कुठं दाबल्या गेलं त? कमांड जेवढं विचारलं तेवढंच सांगते," असे त्यांचे मत. मग दोन बोटांनी ती लांबलचक ओळ टंकायची, जिचा अर्थ एवढाच, की बाबा रे, तुझे कप्प्यांचे नियम सध्या काय आहेत ते दाखव. ढग उत्तर देतो आणि साडभाऊ ते घरभर ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत वाचतात: नवीन माल हाताशी, तीन महिन्यांनी थंड कप्प्यात, पुसणे कधीच नाही. स्वयंपाकघरातून मेहुणी विचारते, कालही हेच होतं, मग आज काहून विचारून राहिले? साडभाऊ म्हणतात, "आज काय आहे ते कालच्यावरून कसं समजन?" 

गेल्या साली बिल वाढले तशी ती वैतागली आणि दहा वर्षांहून जुनी लग्ने पुसून टाकायचा नियम लावा, असे तिने साडभाऊंना बजावून सांगितले. साडभाऊ हो म्हणाले. विषय तिथे संपला.

तो पुन्हा निघाला सासूबाईंच्या डोळ्यांमुळे. सासूबाईंचे गाव गोसीखुर्दच्या धरणात गेले. आता त्या पुनर्वसनाच्या नव्या वस्तीत राहतात. गाव सोडताना लोकांनी घरांच्या चौकटी काढून आणल्या, छपरावरचे कवेलू आणले, विहिरीवरचा रहाटसुद्धा आणला. फोटो काढायचे तेवढे कोणाला सुचले नाही. यंदा दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झाल्यावर त्या पवनीला लेकीकडे राहिल्या होत्या आणि आम्हीही भेटायला गेलो होतो. सगळे लख्ख दिसते म्हणून त्या खूश होत्या. भिंतीवरची पाल दाखवून झाली, माझे पांढरे केस मोजून झाले. मग एकाएकी म्हणाल्या, "इतकं साजरं दिसून राहिलं, त माह्या घरचं आंगण एकडाव पाहाले भेटलं असतं. कोणापाशी असन का?"

 बायको हळूच म्हणाली, आमचं लग्न त्याच आंगणात लागलं होतं ना. खरेच होते. त्याचे शूटिंगही झाले होते. ते करायला भंडाऱ्याच्या एका स्टुडिओतून जो सडपातळ पोरगा आला होता, तोच पुढे आमचा साडभाऊ झाला. आमच्याकडच्या कॅसेटला कधीच बुरशी लागली होती. आम्ही दोघांनी ती एकदाच, तीही अर्धीच पाहिली, म्हणजे मेहुणीचे निरीक्षण आमच्या घरापुरते तरी अचूक. पण साडभाऊंनी तिची एक प्रत उतरवून क्लाउडवर ठेवली होती. आनंदाने मी मेहुणीकडे पाहिले, तर तिचा चेहरा उतरलेला.

"ते त मीच पुसाले सांगतलं होतं, गेल्या साली," ती म्हणाली.

 सासूबाई नव्या डोळ्यांनी धाकट्या जावयाकडे पाहत राहिल्या. साडभाऊ उठले, काळी खिडकी उघडली आणि रोजची ओळ टंकू लागले. ती ओळ कधी एकदा संपते असे मला आयुष्यात पहिल्यांदा झाले. उत्तर आले. साडभाऊंनी नेहमीच्याच आवाजात वाचले: नवीन माल हाताशी, तीन महिन्यांनी थंड कप्प्यात, पुसणे कधीच नाही.

"तुम्ही हो म्हणाले होते," मेहुणी म्हणाली.

"हो म्हटलं. बदलवलं नाही."

नवऱ्याने सांगितलेले काम केले नाही म्हणून बायकोला रडू आल्याचा हा आमच्या खानदानातला पहिलाच प्रसंग.

पण पंचाईत पुढे होती. थंड कप्प्यातून व्हिडिओ वर आणायचा तर विचारून भागत नाही, ढगाला हुकूम सोडावा लागतो. साडभाऊंनी ओळ टंकली, पुन्हा पुन्हा वाचली, आणि एंटरच्या बटणावर बोट धरून तसेच बसून राहिले.  शेवटी सासूबाई म्हणाल्या, "दाबा जवाई, काही होत नाही." तेव्हा कुठे त्यांनी डोळे मिटून दाबले.

मग दिवसभर वाट पाहणे. सासूबाई घटकेघटकेला विचारायच्या, कुठवरी आलं? जणू तो व्हिडिओ भंडाऱ्याच्या एसटीत बसला होता. साडभाऊ प्रत्येक वेळी उठून ढगाला विचारायचे आणि सांगायचे, येऊन राहिलं. दोघांनाही त्याचा कंटाळा आला नाही. साडभाऊंच्या चौकशीची कदर करणारे माणूस त्यांना इतक्या वर्षांनी घरातच भेटले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टीव्हीवर आमचे लग्न लागले. भंतेजींची वंदना सुरू झाली आणि पांढऱ्या कपड्यातले आम्ही दोघे हात जोडून बसलेले दिसलो न दिसलो, तोच कॅमेरा सरकत सरकत विहिरीकडे गेला. विहिरीवर परकर-पोलक्यातली मेहुणी पाणी शेंदत होती. कॅमेरा आमच्याकडे आला, कंटाळला आणि पुन्हा विहिरीकडे गेला. ती घागर घेऊन आंगण ओलांडून निघाली, तर तोही तिच्यामागून निघाला. चिंच, गोठा, ढोली, ओसरीची पायरी, सगळे वाटेत येत गेले. शूटिंगवाल्याने लग्न बिघडवले म्हणून तेव्हा माझ्या काकांनी केवढा गोंधळ घातला होता.  आता मेहुणी पदराशी चाळा करत बसली होती आणि साडभाऊ टीव्ही सोडून छताकडे पाहत होते.

सासूबाई उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या. विहिरीशी आता आमच्यात नसलेले सासरे उभे होते, रहाटाचा दोर ओढत, कोणाला तरी काहीतरी सांगत. बँडच्या आवाजात ते ऐकू आले नाही. तेवढ्यात फेटा बांधलेले माझे डोके मध्ये आले आणि तिथेच राहिले.

"जवाई," सासूबाई माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "तुम्ही मधात काहून उभे राहिले?"

 स्वतःच्या लग्नात आपण मध्ये येतो, असे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. आणि खरे सांगतो, त्या क्षणी मी बाजूला झालो असतो तर फार बरे झाले असते, असे मला मनापासून वाटले.

त्या दिवशी साडभाऊंनी आयुष्यातला पहिला आणि बहुधा शेवटचा बदल केला. तेवढा एक व्हिडिओ कायमचा हाताशी राहील असा नियम लावला. त्याचे वाढीव बिल मेहुणीनेच भरले. परवा मी पवनीला गेलो होतो. कुलरच्या टाकीत पाणी नव्हते आणि ते साडभाऊंना ठाऊक होते, म्हणून मीच बादली आणली. भरून होते तोच फोन वाजला. सासूबाई. आंगण अजून जागेवर आहे ना, हे विचारायला आता त्यांचा रोजचा फोन असतो. साडभाऊंनी काळ्या खिडकीत ओळ टंकली, उत्तर येईपर्यंत थांबले, चष्मा सारखा करून ते शेवटपर्यंत वाचले.

"आहे, आई," ते म्हणाले.