साधनानं घाट गाठला

भरे गावच्या साधना ढमालेला अडतिसावं लागलं तेव्हा तिनं पहिल्यांदा शर्यतीच्या अर्जावर सही केली. खाली 'व्यवसाय' असा रकाना होता. तिथं तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं, मेकॅनिक.

ते खोटं नव्हतं. नवऱ्याचं, विश्रामचं, पिरंगुटच्या रस्त्याला गॅरेज होतं आणि दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी आधी साधना फिरवून आणायची. माहेरी, मुठ्याला, ती बाराव्या वर्षापासून भातखाचरात ट्रॅक्टर चालवत आली होती. चाकाखालची जमीन कधी धरते आणि कधी सोडते, हे तिला बसल्या जागी कळायचं.

लाल रंगाची, दोनच दारांची ती बुटकी स्पोर्ट्स कार गॅरेजात आली ती दोरानं ओढून. पुण्याचे एक गृहस्थ परदेशी निघाले होते. इंजिन पार धरलेलं, फिरतच नव्हतं. "तुम्हाला जमली तर तुमची," म्हणाले आणि गेले. नवराबायकोनं दोन वर्षं रविवार खर्ची घालून ती उभी केली. मग एका मोटार क्लबानं हौशी लोकांसाठी घाटातल्या शर्यतीची जाहिरात काढली: दोन दिवस रस्ता बंद, चार किलोमीटर चढ, थोड्याथोड्या वेळानं एकेक गाडी सोडायची, ज्याचा वेळ कमी तो पुढं. विश्राम म्हणाला, "तू जा. गाडी माझ्यापेक्षा तुझं ऐकते."

शनिवारी सरावाच्या फेरीत गाडीनं कुणाचंच ऐकलं नाही. सातव्या वळणावर साधनानं ब्रेक उशिरा दाबला. मागची चाकं सुटली, गाडी गर्रकन फिरली आणि डोंगराकडच्या गटारात जाऊन बसली. पुढचा बंपर फुटला. हेल्मेटच्या आत तिला स्वतःचाच श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. वळणावर उभ्या झेंडेवाल्यांनी गाडी बाहेर काढली आणि तिनं फेरी कशीबशी पुरी केली. तेवीस जणांत तिचा नंबर शेवटून दुसरा लागला.

दुपारनंतर स्पर्धकांना रस्ता पायी बघायची मुभा होती. ती विश्रामला घेऊन चढायला लागली, तर मागून सासरे कोंडाजी काठी टेकत आले. त्र्याहत्तर वर्षांचे.

"आबा, तुमी कशाला? लई चढ हाय," साधना म्हणाली.

"ह्यो रस्ता मला नको दावू. हितं मी खडी फोडलीया."

हे तिला ठाऊकच नव्हतं. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण म्हातारा कधी बोलला नव्हता. सातव्या वळणावर कोंडाजी थांबले.

"हितं कातळ लागला. सुरुंगानं बी न्हाई हलला. मग सायबानं रस्ता बाहेरच्या अंगाला कलता ठिवला. बैलगाडी बी हितं दरीकडं वढायची."

साधना रस्त्यावर उकिडवी बसली. गाल जवळजवळ डांबराला टेकवून तिनं उतार बघितला. खरंच की! डोळ्याला सपाट दिसणारा रस्ता दरीकडं कलत होता. "म्हंजे ब्रेक वळणाच्या आधीच संपवायचा," ती विश्रामला म्हणाली, "आन् आत शिरताना गाडी डोंगराला चिकटून ठेवायची." उरलेली सगळी वळणं तिनं तशीच बसून बसून पाहिली.

रविवारी पहिल्या फेरीत तिनं जपून गाडी हाणली; तीन मिनिटं सहा सेकंद. दुसऱ्या फेरीला निघाली ती सूर लागूनच. पण पाचव्या वळणाला लाल झेंडा. पुढची गाडी रस्त्यात आडवी बंद पडली होती. साधना जागच्या जागी थांबली. त्या गाडीतला माणूस धडधाकट आहे हे पाहिलं आणि गाडी उलटी फिरवून खाली आली. नियमानं तिला फेरी पुन्हा मिळणार होती, पण सगळ्यांच्या शेवटी.

तासभर ती गाडीतच बसून राहिली. विश्रामनं पाणी दिलं आणि टायरातली हवा बघितली.

झेंडा पडला. दुसरा गिअर, तिसरा. सातवं वळण आलं तेव्हा तिनं ब्रेक आधीच संपवला, चाक डोंगराकडं धरलं आणि वळणाच्या मध्यावरच अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला. गाडी बाहेरच्या अंगाला थोडी सरकली, पण सुटली नाही. काठावरच्या लोकांचा ओरडा तिला ऐकूही आला नाही.

दोन मिनिटं एकोणसाठ सेकंद. तेवीस जणांत दुसरी.

पहिला आलेला ऋषिकेश हिंजवडीच्या कंपनीतला, गेल्या वर्षीचाही विजेता. तो धावतच आला. "ताई, मी काठावरून बघत होतो, सातव्या वळणावर तुम्ही माझ्यापेक्षा फास्ट होतात. कसं काय?"

साधनानं शेजारी काठी टेकून उभ्या कोंडाजींकडं बोट दाखवलं. "ह्यांनी शिकवलं. ह्यो रस्ता त्यांनी केलाय."

ऋषिकेश वाकून म्हाताऱ्याच्या पाया पडला. "असू द्या, असू द्या," म्हणत कोंडाजींनी फेटा उगाचच नीट केला.

सोमवारी सकाळी साधना एका टेम्पोच्या खाली होती. कासारसाईचा टेम्पोवाला वाकून विचारत होता, "वहिनी, शर्यतीत तुमीच व्हता म्हनं?"

"व्हय, मीच," ती आतूनच म्हणाली. "दुसरी आले. जरा तेवढा तेरा नंबरचा पाना द्या."