आत्यांचं नाव पॉलिसीतून काढलं ते वर्ष

आमच्या घरात आरोग्य विम्याची पॉलिसी आली ती नवऱ्याच्या मुतखड्यामुळे. अंबडला त्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की शेतकरी त्याच्याकडे घेऊन येतात. हंगामात जेवायला फुरसत नसते आणि एरवी दुपार दुपार गिऱ्हाईक फिरकत नाही. अशा कमाईतून जे साठलं होतं ते त्या एका ऑपरेशनात गेलं. बरा झाल्यावर त्याने आपणहून एजंटला घरी बोलावलं आणि आम्हा चौघांची मिळून एक पॉलिसी काढली. तो, मी, आमची मुलगी आणि माझ्या सासूबाई.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. तीर्थपुरीच्या बाजारात त्यांनी कित्येक वर्षं भाजी विकली. सासरे लवकर गेले, दोन्ही मुलं त्यांनी त्या भाजीवरच वाढवली. धाकटे, म्हणजे माझे दीर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत आणि परतूरला राहतात. गुडघे दुखायला लागल्यावर आत्या आमच्याकडे आल्या. पॉलिसी म्हणजे काय हे नवऱ्याने समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आजारी न्हाई पडलं तर पैसे वापस देत्यात का?"

"न्हाई माय."

"मंग हे बरंय त्यांचं," असं म्हणून त्या आत गेल्या.

पहिली काही वर्षं हप्ता जाणवायचा नाही असं नाही, पण निघून जायचा. मी एका खासगी शाळेत बालवर्गाला शिकवते. माझ्या पगारातून तेवढं मी बाजूला काढायची. आम्ही कुणी दवाखान्यात दाखल झालो नाही, तरी दरवर्षी आकडा थोडा वर सरकायचा. मग एका वर्षी तो एकदम उडी मारून वर गेला. मला वाटलं छापण्यात चूक झाली असेल. नवऱ्याने फोन केला तर एजंट म्हणाला, "चूक न्हाई साहेब. घरात सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर हप्ता ठरतो. आईचं वय पुढच्या टप्प्यात गेलं, त्यात शुगर. त्यांना यातून वेगळं करा, तुमचा हप्ता निम्म्यावर येतो. त्यांची वेगळी काढली तर मात्र महाग पडेल."

फोन स्पीकरवर होता. आत्या तिथेच ओसरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. नवऱ्याने घाईने फोन कानाला लावला, पण जे ऐकायचं ते ऐकून झालं होतं.

त्या रविवारी दीर आणि जाऊ मुलांना घेऊन आले आणि जेवणानंतर हाच विषय निघाला. दिरांचं मत पहिल्यापासून ठाम होतं. ते म्हणाले, "दादा, मी तुला तेव्हाच म्हणालो होतो. तुझ्यासारखे लाखो लोक या कंपन्यांना पैसे भरून राह्यलेत आणि सरकारी दवाखाने ओस पडून राह्यलेत. खाऊनपिऊन सुखी माणसं तिकडं जायची बंद झाली, मंग तिथं डॉक्टर हाय का न्हाई हे विचारणार कोण?"

नवरा म्हणाला, "आणि सरकारची फुकट उपचाराची योजना हाय ना म्हणतोस तू. तीपण विमाच की."

"तेच तर. मला तीपण पूर्ण पसंत न्हाई. सरकारचा पैसा खासगी दवाखान्यात जातो. तोच पैसा इथल्या दवाखान्यात लावा. माणसं भरा, मशीन चालवा. पण आज नड पडली तर निदान ती योजना हाय."

नवरा मुतखड्याच्या वेळचा अनुभव विसरला नव्हता. तेव्हा आधी तो सरकारी दवाखान्यातच गेला होता. सोनोग्राफीला पुढची तारीख मिळाली आणि दुखणं तारखेपर्यंत थांबायला तयार नव्हतं. तो म्हणाला, "तुला बोलायला काय जातं? तू सरकारी नोकर. तुझं बिल सरकार देतं. माझं दुकान चार दिवस बंद राह्यलं तर चूल कशी पेटवायची हे मला माहीत."

दिरांना ते बोलणं लागलं. माझी जाऊ मुलांना घेऊन गच्चीवर गेली.

आत्यांनी दोघांकडे पाहिलं आणि सरळ आवाजात म्हणाल्या, "माझं नाव काढून टाका."

"माय, तू मधी बोलू नको," नवरा म्हणाला.

"का? नाव माझं हाय. मीच बोलणार."

"लोक काय म्हणतील? आईला काढून टाकलं म्हणतील."

"कागदातून काढून राह्यले तुम्ही मला, घरातून न्हाई. पोरीचं कॉलेज तोंडावर आलंय. बिलकुल भरू नको माझ्यासाठी."

नवऱ्याने ऐकलं नाही. पुढे बरेच दिवस तो हिशेब बदलून बदलून मांडत राहिला, मुदत जवळ येत गेली. तेव्हा आत्या एका सकाळी विहारात वंदनेला जाते म्हणून पांढरी साडी नेसून निघाल्या आणि वंदना झाल्यावर परस्पर एजंटच्या घरी जाऊन बसल्या. त्याच्या बायकोने चहा दिला. आत्यांनी त्याला बजावलं, माझं नाव आजच्या आज काढ. तो बिचारा त्यांना स्कूटरवर बसवून घरी घेऊन आला. म्हणाला, "वहिनी, साहेबांच्या संमतीशिवाय मला काहीच करता येत न्हाई, पण या ऐकायलाच तयार न्हाईत."

नवरा दुकानातून आला, ओशाळून हसला आणि शेवटी हो म्हणाला. हप्ता खरोखरच निम्म्यावर आला. मला हायसं वाटलं, हे खरं आहे. नवऱ्याला मात्र जेवण गेलं नाही.

त्याच हिवाळ्यात आत्या न्हाणीत पाय घसरून पडल्या. उठवायला गेलो तर एक पाय खुब्यापासून बाहेरच्या बाजूला वळलेला. त्या ओरडल्या नाहीत, फक्त माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. आम्ही गाडी करून जालन्याला एका खासगी दवाखान्यात नेलं. दीर परतूरहून तिथे पोहोचले. एक्स-रे झाला, खुब्याचं हाड मोडलं होतं, सांध्याचं ऑपरेशन लागणार होतं. योजनेत हा दवाखाना आहे हे दिरांनी वाटेतच विचारून ठेवलं होतं. पण खिडकीवरचा माणूस म्हणाला, "योजना आहे, पण हे ऑपरेशन आमच्याकडे योजनेत होत नाही. एक तर रोखीने करा, नाही तर मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या."

नवऱ्याने रोखीचा खर्च विचारला. उत्तर ऐकून तो भिंतीला टेकला. मग म्हणाला, "इथंच करू. रिवायंडिंगचं मशीन विकतो."

"दादा, माझं ऐक. मोठ्या दवाखान्यात चांगले सर्जन हायत."

"तुझं ऐकून तर हे झालं! पॉलिसी असती तर आता सही केली असती आणि आत गेलो असतो."

"नाव माझ्या सांगण्यावरून काढलं न्हाई. मायनं काढायला लावलं."

लोक वळून बघायला लागले. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले. म्हटलं, भांडण नंतर करा, त्या तिथे झोपल्यात आणि त्यांना सगळं ऐकू येतंय. मी स्ट्रेचरजवळ गेले आणि आत्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "मशीन विकलं तर तो उद्यापासून काय करंल? चला सरकारीत."

मोठ्या शहरातल्या सरकारी दवाखान्यात वॉर्ड भरलेला होता. पहिल्या दिवशी दोन खाटांच्या मधल्या गादीवर जागा मिळाली, मग खाट मिळाली. पायाला वजन बांधलं. शुगर वाढलेली, ती खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही. त्यात आमच्या आधीचे पेशंट. शेजारच्या खाटेवर परभणीकडची एक मुसलमान आजी होती, तिची सून डबा आणायची तो आत्यांनाही द्यायची, आणि आमची भाकरी तिकडे जायची. सिस्टर एकट्या एवढा मोठा वॉर्ड सांभाळायच्या. रागावायच्या, पण इंजेक्शन कधी चुकलं नाही.

दिवस जायला लागले तसे दीर खचत गेले. रजा टाकून ते तिथेच जमिनीवर सतरंजी टाकून झोपायचे. तारीख एकदा पुढे गेली, दुसऱ्यांदा गेली. तेव्हा आम्ही तिघं कँटीनमध्ये बसलो असताना त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, "वहिनी, मी लई भाषणं ठोकली. माय तिथं कण्हून राह्यली. दादा, चल, बाहेर नेऊ तिला. मी सोसायटीचं कर्ज काढतो."

मला वाटलं नवरा लगेच उठेल. तो उठला नाही. म्हणाला, "सकाळी मी त्या डॉक्टराशी बोलून आल्तो. तरणा पोरगा हाय, पण त्यानं मला एक्स-रे उजेडात धरून सगळं समजावलं. आपल्याला एवढं कुणी सांगितलं न्हाई आतापर्यंत. सोमवार म्हणाला हाय तो. सोमवारपर्यंत थांबू."

सोमवारी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. एक-दोन औषधं बाहेरून आणावी लागली, बाकी काही भरावं लागलं नाही. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी आत्यांना उभं केलं, तेव्हा त्यांनी दोन्ही मुलांची नावं घेऊन हाका मारल्या, "बघा रे, बघा!" नवरा वॉर्डाबाहेर जाऊन रडला. दीर आत त्यांचं वॉकर धरून उभे होते.

पण त्या खाटेवर वाट पाहताना काय वाटलं, हे आत्यांनी मला महिनाभराने सांगितलं. मी त्यांचा पाय उचलून व्यायाम करून घेत होते. म्हणाल्या, "मरणाचं भ्या न्हाई वाटलं गं. हे दोघं बोलणं सोडतेत का काय, त्याचं वाटलं."

बोलणं सुटलं नाही, भांडणही सुटलं नाही. पुढच्या वर्षी हप्ता पुन्हा वाढला. आत्यांना परत घेता येतं का, हे नवऱ्याने विचारून पाहिलं. मोडलेला खुबा आणि वय ऐकल्यावर पुढचं बोलणंच झालं नाही. आमची तिघांची पॉलिसी तो अजून भरतो. दीर म्हणतात, चुकून राह्यलास. नवरा म्हणतो, तो डॉक्टर चांगला होता, पण मधले दिवस मी विसरू शकत न्हाई. मला दोघांचंही पटतं, आणि दोघांनाही ते आवडत नाही.

मागच्या महिन्यात दिरांनी आणि त्यांच्या सोबतच्या शिक्षकांनी तालुक्यातल्या सरकारी दवाखान्यांत रिकाम्या जागा भरा म्हणून निवेदन तयार केलं. नवऱ्याने त्यावर सही केली, दुकानात येणाऱ्या शेतकऱ्यांच्या सह्या घेतल्या आणि दुकान बंद करून आरोग्य अधिकाऱ्यांना निवेदन द्यायला सोबतही गेला. विमा कंपन्यांवरच्या एका वाक्यावरून दोघे जातानाही भांडले आणि येतानाही. घरी आले तेव्हा आत्या वॉकर धरून दारात उभ्या होत्या.

"काय म्हणाले साहेब?"

"बघतो म्हणाले," दीर म्हणाले.

"बसा म्हणाले का तरी?"

"न्हाई. उभ्यानंच घेतलं."

"मंग परत जा पुढच्या महिन्यात," आत्या म्हणाल्या, आणि मला चहा टाकायला सांगितला.